मुलीला समिती शाखेत काम करायचंय, तर…

नमस्कार,

तुम्ही जिल्हा परिषदेत नोकरीला आहात. पीआरसी, म्हणजे विधिमंडळाची पंचायती राज समिती, जिल्ह्यात येणार म्हणून तुम्ही रात्री उशिरापर्यंत प्रश्नावलीची उत्तरं जुळवत होतात. तुम्ही घरी आणलेला दौऱ्याचा कार्यक्रम मुलीनं वाचला आणि विचारलं, "बाबा, हे सगळं ठरवतं कोण?" ती आता राज्यशास्त्र घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि समितीच्या बैठका, साक्षी आणि दौरे जुळवण्याचं हेच काम विधिमंडळाच्या समिती शाखेत करायचं म्हणते. तुमचे प्रश्न दोन: अशी नोकरी खरंच असते का? आणि ती आमदारांच्या मर्जीवर चालते का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण तुमची झोप त्यानंच उडालेली दिसते. राज्य विधिमंडळाचा कर्मचारीवर्ग घटनेच्या कलम 187नुसार स्वतंत्र असतो आणि संसदेचा कलम 98नुसार. सरकार बदललं, समिती प्रमुख बदलले, तरी समिती शाखेतला कक्ष अधिकारी जागेवरच असतो. उलट, आज ज्यांची फाइल सांभाळायची ते उद्या विरोधी बाकावर बसतात. लोकसभेत सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद 1967 पासून प्रथेनं विरोधी पक्षाकडेच जातं. त्यामुळे मुलीला राजकारणाची ठाम मतं असतील तर ती कार्यालयाच्या दाराबाहेर ठेवण्याची सवय लावावी लागेल.

आता काम. साक्षीची, म्हणजे अधिकाऱ्यांना समितीपुढे उत्तरं द्यायला बोलावण्याची, तारीख काढणं वरवर कारकुनी वाटतं, पण खरी कसोटी तिथेच आहे. लोकसभेच्या नियमांप्रमाणे समितीची गणपूर्ती, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, साधारण एकतृतीयांश सदस्यांची. मंत्रालयांचं काम तपासणाऱ्या, विभागांशी संलग्न स्थायी समितीत 31 सदस्य असतात, म्हणजे अकराच्या आसपास खासदार एका वेळी एका खोलीत हवेत. त्यांचे मतदारसंघ देशभर पसरलेले. अधिवेशन चालू असताना ते दिल्लीत सापडतात, पण सभागृहात मतविभागणी पुकारली की समितीची बैठक थांबवावी लागते. अधिवेशन संपलं की खासदार गावाकडे. त्यातच ज्या सचिवांची साक्ष घ्यायची, त्यांना दुसऱ्याही एखाद्या समितीनं त्याच आठवड्यात बोलावलेलं असू शकतं.

आणि नुसती तारीख ठरवून भागत नाही. विभागाकडून लेखी उत्तरं वेळेत मागवायची, ती सदस्यांपर्यंत आधी पोहोचवायची, लोकलेखा समिती असेल तर महालेखापरीक्षकांच्या अधिकाऱ्यांनी सदस्यांना मुद्दे समजावून सांगायला वेळ ठेवायचा, शब्दशः नोंद घेणारे प्रतिवेदक मोकळे आहेत का ते बघायचं. साक्ष झाल्यावर अहवालाचा मसुदा, समितीची मान्यता, मग सभागृहात सादर करणं. संसदेच्या या समित्यांची मुदत एक वर्षाची. वर्षाच्या शेवटी आलेली एक तहकुबी अख्खा विषय पुढच्या समितीच्या गळ्यात टाकते. म्हणून अनुभवी माणूस अहवालाच्या तारखेपासून उलटा हिशेब मांडत येतो.

आपल्याकडे हिवाळी अधिवेशन नागपूरला, त्यामुळे त्या दिवसांत फायलींसकट बाडबिस्तरा तिकडे. पीआरसीचं गणित आणखी वेगळं: साधारण तीन दिवसांत लेखापरीक्षा अहवालावर सीईओंची साक्ष, पंचायत समित्या, शाळा, आरोग्य केंद्रांच्या भेटी आणि वार्षिक प्रशासन अहवालावरची साक्ष. त्यातली धावपळ तुम्हाला मी काय सांगणार! तुम्ही टेबलाच्या पलीकडून ती पाहिलीच आहे. मुलीला तेवढी एक संध्याकाळ बसून सांगा. माझ्या पत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

वाट कुठली? "सुनावणी नियोजन" नावाची पदवी किंवा परीक्षा नाही, आणि कुणी तसा कोर्स विकायला आलं तर पैसे देऊ नका. विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या सचिवालयाच्या संवर्गात शिरायचं, मग समिती शाखेत नेमणूक मिळते. मिळतेच असं नाही. प्रश्नांची शाखा, विधेयकांची शाखा, आस्थापना, कुठेही टाकतात. ही गोष्ट तिला आत्ताच पटली पाहिजे. नोकरी निवडताना संवर्ग निवडायचा असतो, टेबल नाही.

महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालयाची जाहिरात आली की पदनाम आणि पात्रता अक्षर न् अक्षर वाचा. मराठी-इंग्रजी टंकलेखनाची प्रमाणपत्रं आत्ताच करून ठेवावीत. लघुलेखन जमलं तर प्रतिवेदकाचा रस्ताही खुला होतो, आणि त्यात स्पर्धा कमी. दिल्लीला जायची तयारी असेल तर लोकसभा आणि राज्यसभा सचिवालयांच्या भरतीवर लक्ष ठेवा. तिथे समिती अधिकारी हे पदाच्या नावातच येतं. इंग्रजी मसुदालेखन मात्र पक्कं हवं. वर्षभर जवळून बघायचं असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या कायदेमंडळांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची लॅम्प फेलोशिप आहे, पंचविशीपर्यंतच्या पदवीधरांसाठी. त्यात एका खासदारासोबत काम करता येतं. ती कायम नोकरी नव्हे.

वकिली करून मग इकडे यावं का, असंही तुम्ही विचारलंय. फक्त यासाठी तीन वर्षं घालवू नका.

त्याआधी तिला एक काम द्या. संसदेच्या संकेतस्थळावर लोकलेखा समितीचे अहवाल मोफत आहेत. कुठलाही एक उतरवून घ्यावा आणि सरळ शेवटाकडे जावं. तिथे बैठकांची कार्यवृत्तं असतात: तारीख, वेळ, हजर सदस्य, साक्षीला आलेले अधिकारी. त्यावरून एका कागदावर पूर्ण वेळापत्रक मांडावं. महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहात कधी आला, पहिली साक्ष कधी, मध्ये किती महिने गेले, मसुदा कधी मान्य झाला. मोठी फट दिसली की त्या काळात अधिवेशन होतं की निवडणूक, हे शोधावं. असे तीन अहवाल तिनं न कंटाळता केले तर तिचं म्हणणं गंभीरपणे घ्या. पहिल्यातच जांभया आल्या, तर तिला कार्यक्रमपत्रिकेवरची राजमुद्रा आवडली असेल, काम नव्हे. त्यातही काही बिघडत नाही, बी.ए.नंतर इतर परीक्षा आहेतच.

तो कागद झाला की मला पाठवा. त्यावरून टंकलेखन आधी की इंग्रजी आधी, ते ठरवू.