टेस्लाचे सुपरचार्जर इतर कंपन्यांच्या गाड्या मुद्दाम हळू चार्ज करतात का?

प्रश्न: मी टेक्सासमध्ये राहतो, २०२३ ची ह्युंदाई आयोनिक ५ आहे. कंपनीचं अडॅप्टर लावून सुपरचार्जरवर गेलो तर २५० किलोवॉटच्या चार्जरवर जेमतेम १०० किलोवॉट मिळाले. टेस्ला इतरांना मुद्दाम मागे ठेवते का? अडॅप्टर वापरत राहावं का? आणि भारतात असं सगळ्यांना खुलं नेटवर्क कधी होणार?

उत्तर:

नाही, मुद्दाम नाही. डीसी चार्जर बसवून सुरू करून देणं हे माझं काम आहे. हा आरोप सतत कानावर येतो, आणि दर वेळी तो चुकीच्या जागी बोट ठेवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या गाडीत ७७.४ युनिटची बॅटरी असेल तर तिच्यात दोन-दोन सेलच्या १९२ जोड्या एकामागे एक जोडलेल्या आहेत. नॉमिनल व्होल्टेज ६९७, पूर्ण भरल्यावर ८०० च्या आसपास. सुपरचार्जरचं व्ही३ (तिसऱ्या पिढीचं) कॅबिनेट, म्हणजे खांबांमागची वीज पुरवणारी पेटी, जास्तीत जास्त ५०० व्होल्ट देतं. ५०० व्होल्टचा चार्जर ७०० व्होल्टच्या बॅटरीत थेट करंट ढकलूच शकत नाही. ह्युंदाईने यावर तोड काढली ती अशी: मागच्या मोटरचं वाइंडिंग आणि इन्व्हर्टर वापरून आलेलं व्होल्टेज गाडीतच वर चढवायचं. सोय छान आहे, वेगळा कन्व्हर्टर लागत नाही. पण त्या वाइंडिंगमधून आणि इन्व्हर्टरच्या स्विचांमधून सलग किती अँपिअर वाहू द्यायचे याला उष्णतेची मर्यादा आहे. ४०० व्होल्ट गुणिले २५० अँपिअर म्हणजे १०० किलोवॉट. तुम्हाला दिसलेला आकडा इथून येतो. हीच गाडी ३५० किलोवॉटच्या ८०० व्होल्टी सीसीएस (अमेरिकेत टेस्ला सोडून बहुतेक कंपन्यांनी घेतलेला, तुमच्या गाडीत असलेला प्लग) चार्जरवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत जाते, कारण तिथे मधे काहीच चढवावं लागत नाही.

ब्रँड बघून वेग कापला जात असता तर फोर्डची मस्टँग माक-ई सुद्धा अडकली असती. ती ४०० व्होल्टी गाडी आहे, तिची स्वतःची कमाल मर्यादा १५० किलोवॉट आहे, आणि सुपरचार्जरवर ती त्या मर्यादेच्या जवळ जाते. उलट टेस्लाचाच सायबरट्रक घ्या. त्याची बॅटरी ८०० व्होल्टी, म्हणून व्ही३ वर तो बॅटरीचे दोन भाग करून ४००-४०० व्होल्टने समांतर जोडून घेतो. म्हणजे स्वतः टेस्लाला स्वतःच्या चार्जरसाठी गाडीत ही व्यवस्था करावी लागली. पोर्शने टायकानमध्ये ४०० व्होल्टच्या चार्जरसाठी वेगळा कन्व्हर्टर दिला: साधा ५० किलोवॉटचा, जास्त पैसे मोजले तर १५० चा. प्रत्येक कंपनीने या अडचणीवर आपापल्या खिशाप्रमाणे उत्तर काढलं आहे.

व्ही४, म्हणजे चौथ्या पिढीचा, खांब दिसला म्हणून आनंद करू नका. लांब केबलचे उंच व्ही४ खांब कितीतरी ठिकाणी जुन्या व्ही३ कॅबिनेटला जोडलेले आहेत. व्होल्टेज खांब ठरवत नाही, मागे कुंपणाआड उभं असलेलं कॅबिनेट ठरवतं. १००० व्होल्टपर्यंत देणारी व्ही४ कॅबिनेटं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाली, प्रत्यक्षात ती त्यानंतरच उभी राहू लागली. टेस्लाच्या अॅपमध्ये त्या ठिकाणापुढे २५० किलोवॉट लिहिलं असेल तर तुमच्यासाठी ते १०० चं समजा. आणि १५० किलोवॉटची व्ही२ ठिकाणं तुम्हाला अॅपमध्ये दिसणारच नाहीत. ती टेस्लाच्या जुन्या खाजगी पद्धतीने गाडीशी बोलतात; सीसीएस गाड्या कंट्रोल पायलटच्या (प्लगमधल्या संदेशांच्या) तारेवरून पॉवर लाइन कम्युनिकेशनने बोलतात. तिथे अडॅप्टर लावून काही उपयोग नाही, संवादच होत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. २०२३ पासून आमच्या क्षेत्रातले लोकसुद्धा म्हणत आले आहेत की टेस्लाने प्लग खुला केला आणि नेटवर्क खुलं झालं. हे साफ चूक आहे. युरोपात मॉडेल ३ गाड्या २०१९ पासून सीसीएस२ (सीसीएसचा युरोपातला प्रकार) प्लग घेऊनच आल्या आणि सुपरचार्जरवरही तीच केबल लावली गेली. प्लग सगळ्यांचा एकच. तरी इतर गाड्यांना पहिला प्रवेश मिळाला १ नोव्हेंबर २०२१ ला, तोही नेदरलँड्समधल्या १० ठिकाणी. तोपर्यंतचं कुलूप सॉफ्टवेअरमध्ये होतं, गाडीची ओळख पटवण्यात होतं, बिल कोणाच्या नावावर फाडायचं यात होतं.

अमेरिकेतही तेच. टेस्लाने आपल्या प्लगचे आराखडे नोव्हेंबर २०२२ मध्ये एनएसीएस या नावाने प्रसिद्ध केले. फोर्डने मे २०२३ मध्ये सुपरचार्जर वापरण्याचा करार जाहीर केला, जनरल मोटर्सने जूनमध्ये. एसएई या वाहनांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने त्याच डिसेंबरात जे३४०० म्हणून त्याला मानकाचं पहिलं रूप दिलं. फोर्डच्या गाड्या प्रत्यक्ष चार्ज होऊ लागल्या २९ फेब्रुवारी २०२४ ला, जनरल मोटर्सच्या सप्टेंबर २०२४ मध्ये, तुमच्या ह्युंदाईला २०२५ उजाडलं. या सगळ्या काळात त्या गाड्यांची एक पिनसुद्धा बदलली नव्हती. वेळ गेला तो करारांत, दोन कंपन्यांचे सर्व्हर एकमेकांना जोडण्यात आणि अडॅप्टर बनवण्यात.

अडॅप्टर ग्राहकाच्या डिकीत टाकलं हे मला आजही मान्य नाही. मार्च २०२३ मध्ये टेस्लाने काही ठिकाणी मॅजिक डॉक बसवले होते: अडॅप्टर खांबातच, अॅपने कुलूप सुटतं, काम झालं की परत खांबात. फेब्रुवारी २०२३ च्या अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या नियमात अनुदान हवं असेल तर सीसीएस प्लग, किमान चार जागा, प्रत्येकी १५० किलोवॉट आणि ९७ टक्के वेळ चालू स्थिती अशा अटी होत्या. त्या रेट्यामुळे हे घडलं. खांबातलं अडॅप्टर चार्जर चालवणाऱ्याच्या जबाबदारीत राहतं, त्याचं तापमान आणि झीज तो बघतो. सगळीकडे हेच करायला हवं होतं. त्याऐवजी लाखो अडॅप्टर लोकांच्या डिकीत धूळ खात फिरत आहेत आणि त्यांचे संपर्क कोणीही तपासत नाही.

धोका नेमका कुठे आहे ते सांगतो. संपर्कातला रोध ०.१ मिलिओहम असेल तर ५०० अँपिअरला त्या एका सांध्यात २५ वॉट उष्णता होते. धूळ, गंज किंवा सैल पिनमुळे तो ०.५ झाला तर १२५ वॉट, एका छोट्या बंद डबीत. चार्जरच्या हँडलमध्ये तापमान मोजणारा सेन्सर असतो, पण अडॅप्टर आणि गाडी यांच्यातला सांधा त्याच्यापासून दूर पडतो. म्हणून अडॅप्टरमध्ये स्वतःचा सेन्सर नसेल तर ते घेऊच नका. यूएल २२५२ या अडॅप्टरच्या सुरक्षा मानकाची खूण बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये फोर्डने आपल्या काही ग्राहकांना अडॅप्टर वापरणं थांबवून बदलून घ्यायला सांगितलं होतं, पोर्टला इजा होऊ शकते म्हणून. इतक्या मोठ्या कंपनीवर ही वेळ येते तर ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मालाचं काय सांगावं. तुमच्या गाडीत करंट २५० अँपिअरच्या आसपास राहतो, म्हणजे उष्णता ५०० अँपिअरच्या चौथाई. तुमचं अडॅप्टर ह्युंदाईचंच आहे ना, मग वापरत राहा. एक्स्टेन्शन केबल मात्र कधीच नको. सुपरचार्जरच्या केबलमध्ये द्रव फिरवून ती थंड ठेवतात, एक्स्टेन्शनमध्ये ते नसतं.

लावताना आधी हँडल अडॅप्टरमध्ये आवाज येईपर्यंत बसवा, मग दोन्ही मिळून गाडीत. केबल जड असते, ती अडॅप्टरला खाली ओढते आणि लॉक अर्धवट बसतं. त्यामुळे इन्सुलेशन तपासणीतच चार्जिंग तुटतं. लोक चार्जर बिघडलाय म्हणून निघून जातात. करंट सुरू होईपर्यंत हँडल वर उचलून धरा. काढताना आधी चार्जिंग थांबवा, गाडी अनलॉक करा आणि दोन्ही एकत्र ओढा. अडॅप्टर गाडीत ठेवून नुसतं हँडल ओढायचं नाही.

पार्किंगचा त्रास तुम्हाला होणारच. टेस्लाचं पोर्ट मागे डावीकडे, तुमचं मागे उजवीकडे, आणि व्ही३ ची केबल जेमतेम दोन मीटर. रिव्हर्स लावलीत की तुमच्या उजव्या हाताच्या शेजाऱ्याचा खांब तुमच्या पोर्टजवळ येतो. मग अॅपमध्ये त्या खांबाचा क्रमांक निवडा, तुम्ही उभे आहात त्या जागेचा नाही. रांगेच्या डाव्या टोकाबाहेर साधी पार्किंगची जागा असेल तर तिथे लावून पहिला खांब वापरा, म्हणजे कोणाची जागा अडत नाही.

भारताबद्दल थोडक्यात. तिथे गाड्यांचा प्लग सीसीएस२ ठरून गेलाय, म्हणजे ज्यावरून अमेरिकेत एवढी वर्षं गेली ते भांडण तिथे नाहीच. दुचाकीत एथरने आपला कनेक्टर २०२१ मध्ये इतर कंपन्यांना खुला केला, हिरोच्या व्हिडाने तो घेतला, आणि २०२३ मध्ये बीआयएसने (भारतीय मानक ब्युरो) आयएस १७०१७ या चार्जिंगच्या मानकात त्याला जागा दिली. अडचण उरते ती अॅपची: प्रत्येक नेटवर्कचं वेगळं अॅप, वेगळं वॉलेट, त्यात आधी भरून ठेवायचे पैसे. युरोपीय संघाने १३ एप्रिल २०२४ नंतर बसणाऱ्या ५० किलोवॉट आणि वरच्या सार्वजनिक चार्जरवर कार्डने पैसे घेणं सक्तीचं केलं. युपीआय असलेल्या देशाला याहून सोपं काही नाही. चार्जरवर क्यूआर चिकटवा, अॅपशिवाय करंट द्या, आणि ही अट परवानगीतच घाला. प्लगवर परिषदा भरवण्यापेक्षा हे आधी करा.

काही गोष्टी राहिल्या. १०० किलोवॉटचा आकडा बॅटरी गरम असतानाचा आहे. थंडीत तो निम्म्यावर येऊ शकतो. तुमच्या गाडीत बॅटरी आधी गरम करण्याची सोय असेल तर ती गाडीच्याच नेव्हिगेशनमध्ये डीसी चार्जर ठिकाण म्हणून दिल्यावर सुरू होते. तिथे सुपरचार्जर सापडत नसेल तर त्याच्या शेजारचा सीसीएस चार्जर निवडा. दर इतर गाड्यांना जास्त असतो, महिन्याची मेंबरशिप (२०२४ मध्ये १२.९९ डॉलर) घेतली की टेस्लाचाच दर लागतो. समजा युनिटमागे १४ सेंटचा फरक असेल, तर महिन्यात ९३ युनिटच्या पुढे ती परवडते. लांबच्या प्रवासाच्या महिन्यात घ्या, नंतर बंद करा. आणि वाटेत ३५० किलोवॉटचा चालू सीसीएस चार्जर असेल तर तुमच्या गाडीसाठी पहिली पसंती तोच.