हेल्मेटमधला आवाज बंद झाल्यावर

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी पालकांकडून मला एक प्रश्न वारंवार येतो, आणि त्यातले शब्दही बहुधा तेच असतात: "मुलगा सरावात उत्तम खेळतो, पण प्रत्यक्ष सामन्यात त्याचा हात आखडतो. त्याचा आत्मविश्वास कसा वाढवावा?" मी येथील एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात काम करते आणि माझ्याकडे येणाऱ्यांत खेळाडूंचा भरणा बराच असतो. त्यांच्यापैकी एकाची हकीकत, त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे सांगते.

तो अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक होता. हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी एवढे पुरे की संघाची जवळजवळ प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड खेळाडूंची पर्वा न करता त्याला जेमतेम तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवावे लागते, आणि तो चेंडू प्रतिस्पर्ध्याने मध्येच झेलला तर ते इंटरसेप्शन ठरते. या मुलाचे पहिले वर्ष बहुतेक बाकावरच गेले होते. दुसऱ्या वर्षी मुख्य क्वार्टरबॅक जायबंदी झाल्यामुळे त्याला ऐन हंगामात उतरवण्यात आले, आणि दुसऱ्याच सामन्यात त्याची तीन इंटरसेप्शन झाली. त्यानंतर झोप उडाल्याची तक्रार घेऊन तो माझ्याकडे आला.

सर्वप्रथम मी त्याला डोक्याला मार बसला होता का, हे विचारले. या खेळात झोप बिघडणे, चिडचिड होणे आणि लक्ष न लागणे यामागे मेंदूला बसलेला धक्काही असू शकतो, आणि ती शंका दूर झाल्याखेरीज मनाच्या गोष्टी सुरू करू नयेत, असे माझे ठाम मत आहे. संघाच्या डॉक्टरांनी त्याला तपासलेले होते आणि तसे काही आढळले नव्हते.

मग त्याने ती तीन इंटरसेप्शन सांगितली. सांगताना प्रेक्षकांचा गोंगाट आला, गॅलरीतील वडिलांचा चेहरा आला, पैजेत पैसे गमावलेल्या अनोळखी लोकांनी फोनवर पाठवलेल्या शिव्या आल्या. फक्त समोरचा बचाव कसा उभा होता, हे आले नाही. मी तसे म्हणताच तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "आवाज बंद झाला की मला दुसरे काही दिसतच नाही."

हा आवाज म्हणजे काय, ते समजून घ्यायला मला जरा वेळ लागला. विद्यापीठ फुटबॉलच्या सर्वांत वरच्या श्रेणीत २०२४ पासून प्रशिक्षकांना मैदानावरील एका खेळाडूशी हेल्मेटमधून बोलता येते. दोन चालींमध्ये बहुधा ४० सेकंदांचे घड्याळ चालते आणि त्यातले १५ सेकंद उरले की हा संपर्क तोडला जातो. तोपर्यंत त्याच्या कानात एक अनुभवी माणूस बोलत असे. त्यानंतर स्वतःचाच आवाज सुरू होई, आणि तो "आता चुकू नकोस" एवढेच म्हणत असे.

येथे पालकांनी थोडे थांबावे, कारण आत्मविश्वास नसणे म्हणजे प्रत्यक्षात काय घडते, ते या मुलाच्या डोळ्यांत दिसत होते. क्वार्टरबॅकने एका सहकाऱ्याकडे पाहावे, तो मोकळा नसेल तर दुसऱ्याकडे, मग तिसऱ्याकडे, असा क्रम ठरलेला असतो. हा मुलगा पहिल्यावरून नजर हलवतच नसे, कारण नजर हलवली आणि दुसरा सापडला नाही तर काय, ही धास्ती. प्रतिस्पर्ध्यांच्या बचावात सर्वांत मागे उभा असलेला खेळाडू, म्हणजे सेफ्टी, मात्र क्वार्टरबॅकच्या डोळ्यांवरच लक्ष ठेवून असतो; चेंडू कोठे येणार, हे त्याला आपोआप कळत होते. म्हणजे भीती मनात होती आणि चूक तंत्रात होती, आणि "तू करू शकतोस" असे शंभर वेळा म्हटल्याने यांपैकी काहीच सुटले नसते.

तंत्राचे काम प्रशिक्षकांनी केले. पावलांची लय आणि नजरेचा क्रम त्यांनी एकमेकांशी जुळवून घेतला. माझ्याकडे आले ते १५ सेकंद. त्यांत करायची तीन कामे आम्ही ठरवली: मागे सेफ्टी एक आहे की दोन हे मोजायचे, घड्याळ पाहायचे आणि पाय स्थिरावताना श्वास सावकाश सोडायचा. माझ्या खोलीत गोंगाटाचे ध्वनिमुद्रण लावून, स्टॉपवॉच घेऊन आम्ही याचा सराव करत असू. सोफ्यावरची उशी मी त्याच्याकडे फेकत असे आणि सव्वासहा फुटांचा तो मुलगा ती झेलून, पाय मागे घेत, खिडकी, दरवाजा आणि पुस्तकांचे कपाट अशी क्रमाने नजर फिरवत असे. शेजारच्या खोलीतील सहकारिणीने एकदा दार उघडून पाहिले आणि काही न बोलता लावून घेतले.

वडिलांशी बोलणे अधिक कठीण गेले. ते स्वतः खेळलेले होते आणि प्रत्येक सामन्यानंतर गाडीतूनच फोन करून चुकांची उजळणी घेत. पहिला फोन जेवणाबद्दल असावा आणि खेळाचा विषय सोमवारी काढावा, अशी विनंती मी केली. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," या अर्थाचे काहीतरी ते बोलले आणि नंतर विनंती निम्मी पाळली. निम्मीही पुरली, असा माझा अनुभव आहे.

अशा वेळी नामवंत क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे उदाहरण हमखास दिले जाते. मिशिगन विद्यापीठात असताना सरावात फारशा संधी मिळत नाहीत म्हणून तो कुरकुरत असे, आणि तेथील समुपदेशक ग्रेग हार्डन यांनी त्याला मिळतील त्या दोन-तीन चालीच उत्तम करण्याकडे वळवले. पुढे २००० साली व्यावसायिक संघांनी क्रमाक्रमाने केलेल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत तो १९९वा आला आणि त्याने सात सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक फुटबॉलचे अंतिम सामने, जिंकले. हे उदाहरण देताना मला संकोच वाटतो, कारण पालकांना त्यातले सात सुपर बोल तेवढे ऐकू येतात. मला जो बरो या दुसऱ्या क्वार्टरबॅकचे आकडे अधिक उपयोगी वाटतात: लुइझियाना स्टेट विद्यापीठाकडून खेळताना २०१८ साली त्याने १६ टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले आणि २०१९ साली ६०. पहिल्या वर्षीही तो तोच मुलगा होता, आणि त्या वर्षी त्याला कोणी बाकावर बसवले नाही.

आमच्या मुलाचे पुढच्याच सामन्यात पहिल्या सत्रात पुन्हा इंटरसेप्शन झाले. मी घरी टीव्हीवर पाहत होते. बाकावर बसून त्याने टॅबलेटवर ती चाल दोनदा पाहिली, आणि परत मैदानात आल्यावर पहिल्या सहकाऱ्यावरून नजर काढून दुसऱ्याकडे चार यार्डांचा साधा पास दिला. समालोचकांनी त्याची दखलही घेतली नाही. संघ तो सामना हरला. मुलगा मात्र त्या रात्री झोपला.

झोप आणि जेवण दोन आठवड्यांहून अधिक बिघडलेले असेल, किंवा मूल जगण्याविषयीच निराशेने बोलू लागले, तर खेळाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. तसे नसेल तर मूल नेमके कोणत्या क्षणी अडते, हे त्यालाच विचारावे आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसावे.

वसंतातील सराव संपल्यावर तो शेवटचा भेटायला आला. एका प्रतिस्पर्धी संघाचा सेफ्टी पुढे धावून येणार असेल तेव्हा आधी टाचा उचलतो, हे त्याला चित्रीकरणात सापडले होते, आणि ते तो मला उभे राहून दाखवत होता. आवाज बंद झाल्यावर आता काय ऐकू येते, असे मी विचारले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माझे लक्षच नव्हते."