वाचकांचे प्रश्न : नक्षी शाबूत, पण टायरचे वय काय?

प्रश्न : आमची छोटी गाडी 2017 सालची असून ती आजवर जेमतेम 22 हजार किलोमीटर चालली आहे. टायर मूळचेच आहेत आणि त्यांची नक्षी अजून चांगली खोल दिसते. मे महिन्यात लग्नासाठी समृद्धी महामार्गाने नागपूरला जायचे आहे. पंक्चरवाले म्हणतात, उन्हाळ्यात हवा तापून टायर फुटतो, तेव्हा चार-पाच पॉइंट हवा कमीच ठेवा. मेहुणे म्हणतात, टायरच बदला. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मेहुण्यांचे ऐकावे. टायर फक्त रस्त्यावर घासूनच संपतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ऊन आणि हवेतील प्राणवायू व ओझोन यांच्यामुळे उभ्या गाडीचे रबरही कडक होत जाते. उलट, गाडी नियमित चालत असेल तर टायर दबतो-सुटतो आणि रबराला भेगांपासून वाचवणारी द्रव्ये त्याच्या पृष्ठभागावर येत राहतात. आठवड्यातून एकदा बाजारापर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीच्या टायरांना तेवढाही व्यायाम मिळत नाही.

टायरचे वय पाहण्यासाठी त्याच्या बाजूच्या भिंतीवर ‘डॉट’ या रोमन अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधावी. तिच्या शेवटचे चार आकडे निर्मितीचा काळ सांगतात. ‘2317’ असेल तर तो टायर 2017 सालच्या 23व्या आठवड्यातला. पुष्कळदा ही पूर्ण ओळ टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू नेमकी गाडीच्या आत वळलेली असते, म्हणून पुढच्या चाकांसाठी स्टीअरिंग पूर्ण वळवून आणि मागच्यांसाठी टॉर्च घेऊन वाकण्याची तयारी ठेवावी. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपलीकडे वापरू नयेत, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. त्यातही नक्षीच्या खाचांच्या तळाशी किंवा बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर दहा वर्षांची वाट न पाहता टायर बदलावेत. आपल्या टायरांच्या बाबतीत, त्यातही मे महिन्यातल्या विदर्भाच्या उन्हात सातशे किलोमीटर जायचे असताना, मी ही जोखीम घेणार नाही.

हवेबद्दल पंक्चरवाल्यांनी दिलेला सल्ला आपल्या भल्यासाठीच असला तरी उलटा आहे. समृद्धीवर मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर आहे. या वेगात छोट्या गाडीचे चाक सेकंदाला सुमारे सतरा वेळा फिरते, म्हणजे टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला सतरा वेळा रस्त्यावर दबून पुन्हा सुटतो. हवा कमी असेल तर तो दर वेळी अधिक दबतो, बाजूची भिंत अधिक वाकते, आणि या वाकण्यातूनच टायर आतून तापतो. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पॉइंटने वाढतो. ही वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. मात्र कमी हवेमुळे आतले थर तापून एकमेकांपासून सुटू लागले, तर त्यावर इलाज नसतो. बहुतेक वेळा ‘हवा जास्त झाली म्हणून फुटला’ असे ज्या टायरबद्दल सांगितले जाते, त्यात हवा कमी असते किंवा त्याला जुनी इजा तरी झालेली असते.

किती हवा भरायची, हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील किंवा पेट्रोलच्या झाकणामागील स्टिकरवर छापलेले असते. तेथे दोन माणसांसाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा आकडा असेल, तर लग्नाचे सामान आणि पाच माणसे घेऊन निघताना दुसरा आकडा पाहावा. टायरवर कोरलेला आकडा हा त्याच्या सहनशक्तीची कमाल मर्यादा असतो. तो भरण्यासाठी नव्हे. दाब थंड टायरचा मोजावा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर चाललेली असावी. वाटेत थांबल्यावर मोजल्यास चार-पाच पॉइंट जास्त दिसतील; ती हवा मुळीच सोडू नये. पेट्रोल पंपावरील यंत्रांच्या आकड्यांत फरक पडतो, म्हणून स्वतःचा एक छोटा मापक गाडीत ठेवणे उत्तम.

प्रश्न : नायट्रोजन भरल्यास टायर अधिक टिकतात का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण श्वासात घेतो त्या हवेतच सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो आणि त्यात ओलावा नसतो, एवढाच फायदा. फुकट मिळत असेल तर घ्यावा. पण नायट्रोजन मिळेपर्यंत म्हणून कमी हवेवर गाडी चालवू नये. त्यात साधी हवा खुशाल मिसळता येते.

प्रश्न : खड्ड्यात आपटल्यानंतर पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला आहे. गाडी डावीकडे ओढते आणि त्या टायरची आतली कडही घासली आहे. दुकानदार म्हणतो, हा टायर मागे टाकून चालवा. चालेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही, मागेही नाही आणि स्टेपनी म्हणूनही नाही. रिम आणि खड्ड्याची धार यांच्यात चिमटून टायरच्या भिंतीतील धागे तुटले आहेत, आणि तेथे आता फक्त रबर हवेला थोपवून आहे. याची दुरुस्ती होत नाही. पंक्चरही केवळ नक्षीच्या मधल्या पट्ट्यातलेच काढावे. बाजूच्या भिंतीला पडलेले भोक काढून देणारे भेटतात, पण त्यांचे ऐकू नये. रिमची कड वाकली आहे का, तेही टायर उतरवलेला असतानाच पाहून घ्यावे.

शक्यतो दोन टायर एकदम बदलावेत आणि नवे दोन मागे बसवावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरीही. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बहुधा सावरते. पावसात आंबोलीच्या घाटासारख्या वळणावर मागची चाके घसरली, तर गाडी जागीच गरकन फिरते. कायद्याने नक्षीची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी. खाचांच्या तळाशी असलेल्या आडव्या उंचवट्यांच्या पातळीला नक्षी आली की ती मर्यादा संपली. पावसाळ्यासाठी मात्र तीन मिलिमीटरलाच टायर बदलणे शहाणपणाचे.

फक्त आतली कड घासणे आणि गाडी एका बाजूला ओढणे, ही अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा व कल, बिघडल्याची खूण आहे. दोन्ही कडा सारख्या घासल्या तर हवा कमी, मधला पट्टा घासला तर हवा जास्त. गाडी थांबवून, टायर गार झाल्यावर, नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि परतताना करवतीसारखे लागले, तर डोळ्यांना दिसण्याआधीच हाताला अलाइनमेंटचा दोष कळतो. ताशी 80-90 च्या वेगात स्टीअरिंग थरथरते ते बहुधा बॅलन्सिंग, म्हणजे चाकाच्या वजनाचा समतोल, बिघडल्यामुळे. एकदा कोकणातून परतताना माझ्या गाडीचे स्टीअरिंग असेच थरथरू लागले. बॅलन्सिंगसाठी चाक काढल्यावर रिमच्या आत वाळलेल्या लाल मातीची जाड ढेप सापडली. ती पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्यावर थरथर गेली.

प्रश्न : पंक्चर झाल्यावर चाकाचे नट पान्याने हललेच नाहीत. काय चुकले?
– एक वाचक, जालना

उत्तर : आपले नव्हे, मागच्या वेळी ज्यांनी हवेच्या गनने नट आवळले त्यांचे चुकले. नट आधी हाताने बसवून घ्यावेत, मग समोरासमोरचे आळीपाळीने पान्याने आवळावेत आणि शेवटचा ताण माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे टॉर्क पान्यानेच द्यावा. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नये. चाक काढून बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासावेत. खोलताना चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट सैल करावेत आणि नंतर जॅक लावावा. स्टेपनीतली हवाही दर महिन्याला पाहावी. ती मूळ चाकापेक्षा अरुंद असेल, तर तिच्यावर लिहिलेली वेगमर्यादा, बहुधा ताशी 80 किलोमीटर, पाळून थेट पंक्चरवाल्याकडे जावे.