सूर कुठे थांबवायचा

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं, रेकॉर्डिंगही ऐकलं. बेस, म्हणजे जाड तारांची, खालच्या सुरांची ती गिटार, ठेवून द्यावा आणि साधी गिटार घ्यावी का, असं तू विचारतेस. पण खरी तक्रार पत्राच्या मध्यात आहे : ‘अख्ख्या गाण्यात चारच सूर, आणि तेही कुणाला ऐकू येत नाहीत.’ हे वाक्य मी बऱ्याच पोरांकडून ऐकलंय आणि दर वेळी मला राग येतो. तुझ्यावर नाही. बेस हातात देताना बोट कुठे ठेवायचं एवढंच सांगणाऱ्यांवर. बोट उचलायचं कधी, हे तुला कुणी सांगितलेलंच दिसत नाही.

रेकॉर्डिंगमध्ये तुझे सूर बरोबर आहेत, वेळेवर सुरूही होतात. संपतात कुठे? पुढचा आला म्हणून आधीचा संपतो, एवढंच. कडव्यात तुझा खालचा ‘ई’, सर्वांत जाड तारेचा सूर, घुमत असतानाच किकचा, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा, पुढचा ठोका पडतो. दोघांचा आवाज एकाच पट्ट्यातला, त्यामुळे ना किक कळते ना तू. मग ड्रमर जोरात मारतो, गिटारवाला ॲम्प वाढवतो, आणि तू म्हणतेस मला कुणी ऐकत नाही. अगं, तू स्वतः तरी ऐकतेस का तुझा सूर शेवटपर्यंत?

सूर कुठे थांबवायचा हे ठरवणं, बेसवाल्याचं निम्म्याहून जास्त काम हेच. बाकीच्या मतांवर माझ्याशी वाद घाल, यावर नको.

अमेरिकेत वाद्यं बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ नावाचा बेस आणला. सुरुवातीच्या त्या बेसवर ब्रिजच्या, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीच्या, झाकणाखाली तारांना टेकणारा मऊ तुकडा असायचा, सूर लांबू नये म्हणून. आज तो क्वचितच दिसतो; बहुतेकांना जास्तीत जास्त ‘सस्टेन’, म्हणजे लांबणारा सूर, हवा. बेसवाल्या जेम्स जेमरसनने तो मऊ तुकडा तसाच ठेवला, जाड सपाट तारा लावल्या आणि उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीची साठच्या दशकातली कितीतरी गाणी वाजवली. तबकड्यांवर वादकांची नावं छापायची तिथे पद्धत नव्हती. त्याचं नाव ठळकपणे आलं ते १९७१ मध्ये, गायक मार्व्हिन गेच्या अल्बमवर. तोवर लाखो लोक त्याच्या बेसवर नाचले होते. कॅरोल के तर मुळात गिटारवाली. एका रेकॉर्डिंगला बेसवाला आला नाही म्हणून तिने बेस उचलला आणि पुढे तोच तिचा झाला. ती पिकने, म्हणजे हातातल्या छोट्या चकतीने, वाजवायची आणि तारांवर फेल्टचा तुकडा चिकटवायची. तू ज्या दिशेला पळू बघतेस, तिथूनच ती आली होती. दोघांनीही सूर आखूड करायची सोय आधी केली, मग वाजवलं.

तेव्हा आता हे कर. मेट्रोनोम साठवर लाव, एकच रूट, म्हणजे कॉर्डचा मूळ सूर, वाजव. आधी पूर्ण ठोकाभर, मग अर्धा, मग पाव. डाव्या हाताचं बोट तारेवरून पूर्ण उचलू नकोस, दाब फक्त सैल कर. सुटी तार उजव्या अंगठ्याने दाबून धर. त्यानंतर ड्रमरला बोलाव. पहिल्या ठोक्यावर किकबरोबर सूर सुरू, आणि दुसऱ्या ठोक्यावर स्नेअर (काठीने वाजणारा कडक आवाजाचा ड्रम) पडते त्या क्षणी सूर बंद. आधी नाही, नंतर नाही. स्नेअर एकदम मोठी वाटायला लागेल. ड्रमरने काहीच बदललेलं नसेल, तू बाजूला झालेली असशील. तासभर तरी कर. कंटाळा येईल, येऊ दे.

‘ऐकू येत नाही’ याचंही सांगतो. तुझ्या सुट्या ‘ई’ची कंपनसंख्या सेकंदाला साधारण ४१. मोबाइलच्या स्पीकरमधून ती निघतच नाही. निघतात ते तिच्या पटीतले बरेच वरचे स्वरांश, आणि त्यांवरून ऐकणाऱ्याचा मेंदू खालचा सूर स्वतः भरून काढतो. म्हणजे तू त्याच्या डोक्यात वाजतेस. तुला आणखी काय हवंय?

तुझा तो मित्र म्हणतो, लोकप्रिय गाण्यांत बेसला कामच नसतं, आणि पुरावा म्हणून अमेरिकन गायक प्रिन्सचं १९८४ चं ‘व्हेन डव्ह्ज क्राय’ पुढे करतो. त्याला सांग, त्या गाण्यात बेस सुचला नाही असं नव्हे, प्रिन्सने तो विचारपूर्वक काढून टाकला. ती मोकळी जागा गाणंभर जाणवत राहते. सूर कुठे नको हे ज्याला कळतं, त्याच्याच हातून असं होतं. पुन्हा तेच सांगतोय, हो. आणि साध्या गाण्याला कमी लेखणाऱ्या वादकांचा मला मनापासून तिटकारा आहे. चार सूर चार मिनिटं एकाच वजनाने वाजवून दाखवा म्हणावं, मग बोलू.

तू विचारलंस, मी व्यवसायात का नाही गेलो. लोक हे विचारतात तेव्हा आवाजात थोडी कीव असते. तुझ्यात नव्हती, म्हणून उत्तर देतो. मला गाणी निवडायची होती, माणसंही निवडायची होती. नोकरी सांभाळून, रात्री जागून वाजवलं, पण नको त्या ड्रमरबरोबर कधी उभा राहिलो नाही. हौशी म्हणजे कच्चा, हे मी कधीच मानलं नाही आणि आजही मानत नाही. माझा निर्णय बरोबर होता. खंत वेगळीच आहे. ज्याच्या किकवर मी सूर थांबवायला शिकलो, तो ड्रमर दूरदेशी गेला आणि आमचं वाजवणं तिथेच संपलं. नंतर चांगले ड्रमर मिळाले, पण मी बोट कधी उचलणार हे त्याला जसं आधीच कळायचं तसं कुणाला कळलं नाही. आणि आम्हा दोघांचं नुसतं बेस-ड्रम्सचं एकही रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. तेव्हा कुणालाच ते जपावंसं वाटलं नाही.

म्हणून पुढच्या वेळी अख्ख्या बँडचं पाठवू नकोस. तू आणि ड्रमर, दोघंच, तेच गाणं, गायिकेशिवाय. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार आपटणं, नको, आणि वरच्या फ्रेटवरची (दांड्यावरच्या पट्ट्यांवरची) धावपळही नको. दुसऱ्या कडव्याआधी जिथे तू एक सूर ओढून नेतेस, तिथे तो अर्ध्यात तोड आणि काय होतं ते मला लिही. गिटारचं त्यानंतर बघू. आणि पाच तारांचा बेस घ्यायचं तूर्त डोक्यातून काढ. खालचा ‘ई’ वेळेवर बंद करता येत नाही तोवर त्याच्याखालचा ‘बी’ घेऊन तू करणार काय?

तुझा,
बेसवाला काका