बिघडलेली भाड्याची इमारत हाती घेताना

पहिल्यांदाच अशी इमारत सांभाळायला घेताय, तर रंगरंगोटी तूर्त बाजूला ठेवा. नवे लोक हमखास इथेच चुकतात. दर्शनी भिंत चकचकीत होते आणि आतल्या घरातली गळती तशीच राहते.

पहिल्याच आठवड्यात प्रत्येक दार ठोठवा. वही घेऊन जा आणि फक्त ऐका. उघड्या वायरी, गळती, तुटकी कुलुपं, बंद दिवे ही कामं सगळ्यांत आधी. जिन्यात आणि पार्किंगमध्ये नीट उजेड आला की लोक निर्धास्त होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. जमेल तेवढंच कबूल करा, पण दिलेली तारीख पाळाच. वर्षानुवर्षं आश्वासनं ऐकलेल्या भाडेकरूंचा विश्वास दुसऱ्या कशानेच परत येत नाही.

मग हिशेब:

- करार कधी संपतो, थकबाकी किती, अनामत किती, हे सगळं एकाच तक्त्यात.
- नियम सगळ्यांना सारखे. एकाला गुपचूप सवलत दिलीत की आठवडाभरात ती सगळ्यांना कळते.

दुसरी मोठी चूक म्हणजे रिकामी घरं भरायची घाई. ओळखपत्र, उत्पन्न आणि आधीच्या घरमालकाकडे चौकशी, हे तिन्ही झाल्याशिवाय चावी देऊ नका. त्रास देणाऱ्याला काढायचं तर रीतसर नोटीस देऊन, कायद्याच्या वाटेने. पाणी-वीज तोडणं, परस्पर कुलूप बदलणं कधीच नाही!

भाडेवाढ, नूतनीकरण हे नंतर बोलू. आधी ती वही भरा आणि काय सापडलं ते कळवा, तुम्हाला नक्की जमेल.