टेकडीवरचं गाव: शेवटचे दोन किलोमीटर

इटलीतल्या डोंगरमाथ्यावरच्या मध्ययुगीन गावांबद्दल इतके प्रश्न आले की या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. बहुतेकांना चिविता दी बान्योरेज्जो या गावाला जायचं आहे. रोमच्या उत्तरेला, लात्सिओ प्रांतातल्या वितेर्बो जिल्ह्यात, चहूबाजूंनी तुटलेल्या कड्यावर ते उभं आहे. अशा गावांच्या पायथ्यापर्यंत पोचणं सोपं असतं. वेळ, पैसा आणि पाय यांचा कस लागतो तो शेवटच्या टप्प्यात, म्हणून उत्तरांचा भर त्यावरच आहे.

प्रश्न: गाडी न चालवता रोमहून चिविता एका दिवसात पाहून परत येता येईल का?

येईल, पण रविवार आणि सरकारी सुट्टीचा दिवस टाळा. त्या दिवशी ओर्विएतो या रेल्वे स्टेशन असलेल्या गावाहून चिविताशेजारच्या बान्योरेज्जोला जाणारी बस धावत नाही, आणि टॅक्सीचा जाण्यायेण्याचा खर्च सगळ्या सहलीपेक्षा जास्त होतो.

रोम टर्मिनीहून ओर्विएतोची प्रादेशिक गाडी सव्वा ते दीड तास घेते. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या छोट्या मशीनमध्ये घालून त्यावर तारीख-वेळ उमटवून घ्या. मोबाईलवर काढलेल्या प्रादेशिक तिकिटाचंही गाडीत बसण्यापूर्वी चेक-इन करावं लागतं. हे राहिलं तर तिकीट खिशात असूनही दंड होतो. मोठ्या बॅगा टर्मिनीच्या सामानघरातच ठेवा, कारण पुढे चढच चढ आहे.

ओर्विएतोहून कोत्राल कंपनीच्या निळ्या बसने बान्योरेज्जोला पाऊण तास ते पन्नास मिनिटं लागतात. बसचं तिकीट तंबाखूच्या दुकानात किंवा स्टेशनजवळच्या बारमध्ये आधीच घ्या. त्याच वेळी परतीचंही घ्या, कारण दुपारी बान्योरेज्जोतली दुकानं बंद असतात आणि चालकाकडचं तिकीट महाग पडतं.

वेळापत्रकात खरी फसगत होते. ‘फेरिआले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, शनिवारसुद्धा त्यातच. ‘फेस्तिवो’ म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. आणि ‘स्कोलास्तिको’ असं लिहिलेली बस फक्त शाळा सुरू असतात तेव्हाच येते. जून ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत शाळांना सुट्टी असते, त्यामुळे उन्हाळ्यात त्या बसच्या भरवशावर थांबलेला माणूस थांब्यावरच राहतो. उतरल्या उतरल्या परतीच्या फलकाचा फोटो काढा, आणि शेवटची नव्हे, तिच्या आधीची बस पकडायचं ठरवा.

थांब्यापासून बान्योरेज्जोच्या मुख्य रस्त्याने साधारण दोन किलोमीटर, म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं चाललं की बेल्वेदेरे हे दर्शनस्थळ लागतं. तिथून समोर संपूर्ण गाव दिसतं. मग उतरून पुलाशी यायचं. पूल सुमारे 300 मीटर लांबीचा आहे, 1965 साली बांधलेला, फक्त पायी जाण्यासाठी. सुरुवातीला तो सपाट वाटतो, पण वेशीजवळचा शेवटचा भाग चांगलाच उभा आहे आणि त्यावर सावली अजिबात नाही. पुलाअलीकडे तिकीट काढावं लागतं. 2013 साली ते दीड युरोने सुरू झालं, सध्या 5 युरो आहे.

गावात दीड ते दोन तास पुरेत. सकाळच्या बसने गेलात तर परतताना ओर्विएतोत दुपार हाताशी उरते. स्टेशनसमोरच्या फ्युनिक्युलरने, म्हणजे चढावर दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने वर जा, 1290 साली बांधायला घेतलेलं कॅथेड्रल पाहा, आणि संध्याकाळच्या गाडीने रोम गाठा.

प्रश्न: तोस्कानात (टस्कनीत) भाड्याच्या गाडीने फिरून आलेल्या ओळखीच्यांना आठ महिन्यांनी दंडाची नोटीस आली. पोलिसांनी कुठेच अडवलं नव्हतं. आम्ही काय काळजी घ्यावी?

ते बहुधा ‘झेडटीएल’मध्ये, म्हणजे वाहनांना मर्यादित प्रवेश असलेल्या भागात शिरले असावेत. जुन्या गावांच्या वेशीआत ठरावीक वेळी परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. वेशीवर लाल कडेचा पांढरा गोल फलक असतो, खाली वेळा लिहिलेल्या असतात, आणि कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. जवळच्या दिव्याच्या पाटीवर ‘वार्को आत्तिवो’ दिसलं तर कॅमेरा चालू आहे, आत जाऊ नका. ‘नॉन आत्तिवो’ असेल तरच जाता येतं. दंड साधारण 80 युरोच्या पुढे असतो. शिवाय गाडी देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवल्याचं शुल्क वेगळं कापते, आणि ते दंडात धरलेलं नसतं. इटलीबाहेर राहणाऱ्याला नोटीस पाठवायला 360 दिवसांची मुदत आहे, म्हणून ती इतक्या उशिरा येते. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरली तर 30 टक्के सूट मिळते.

मॅपवर विसंबू नका. तो बऱ्याचदा थेट हॉटेलच्या दारापर्यंत रस्ता दाखवतो आणि मध्ये झेडटीएल येतं. पत्ता टाकायचा तो तटाबाहेरच्या पार्किंगचा. हॉटेल झेडटीएलच्या आत असेल तर पोचण्याआधी गाडीचा नंबर त्यांना कळवा आणि परवान्यासाठी नोंद झाल्याचं लेखी मागून घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर गाडी आत घालू नका.

पार्किंगच्या पट्ट्यांचा रंग बघायची सवय लावा. पांढरी पट्टी बहुतेक ठिकाणी फुकट, निळी पैसे भरून, पिवळी राखीव. पांढऱ्या पट्टीच्या जागीही शेजारी घड्याळाचं चित्र असेल तर वेळेची मर्यादा आहे. काचेमागे पोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती ठेवावी लागते, ती गाडीतच शोधा. निळ्या जागेच्या मशीनसाठी सुटी नाणी जवळ असू द्या.

भारतीय लायसन्सबरोबर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट लागतं. गाडी शक्य तितकी लहान घ्या. फिआट पांडाएवढी गाडी जिथून सहज निघते, तिथे मोठ्या गाडीचे आरसे भिंतीला घासतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, एरवी हातात गिअरची गाडी येते आणि चढावरच्या वळणावर ती थांबवून पुन्हा हलवणं सवय नसलेल्याला जड जातं. खडीचे पांढरे रस्ते दिसायला सुंदर असले तरी टायर आणि गाडीचा खालचा भाग अनेक विम्यांत धरलेला नसतो. तेवढं कलम वाचून घ्या.

प्रश्न: आईचे गुडघे दुखतात. तिला चिविता दाखवावं का?

बेल्वेदेरेपर्यंत जरूर न्या. बान्योरेज्जोतून तिथपर्यंत छोटी शटल बसही असते. पूल मात्र नको. शेवटचा चढ त्रास देतोच, पण त्याहून जास्त त्रास उतरताना होतो, आणि आत शिरल्यावर परत यायला दुसरी वाट नाही.

त्यांच्यासाठी ओर्विएतो निवडा. तेही टफच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या खडकाच्या कड्यावरच वसलेलं आहे, पण वर जायला फ्युनिक्युलर आहे. गाडीने आलात तर काम्पो देल्ला फिएरा पार्किंगमधून सरकते जिने आणि लिफ्ट थेट गावात नेतात. वर गेल्यावर बरंच गाव सपाट आहे. फक्त पोत्सो दी सान पात्रित्सिओ ही विहीर त्यांच्या यादीतून काढा. खाली जाताना 248 पायऱ्या आणि वर येताना तितक्याच. तुम्ही स्वतः अवश्य उतरा. उतरायचा आणि चढायचा जिना एकमेकांभोवती फिरतात आणि कुठेच भेटत नाहीत. पाणी आणायला उतरणारी आणि भरून वर येणारी खेचरं समोरासमोर येऊ नयेत म्हणून सोळाव्या शतकात केलेली ही रचना आहे. तोपर्यंत आईंना कॅथेड्रलसमोरच्या चौकात बसू द्या.

तोस्कानात असाल तर पिएन्त्सा चालेल, त्याचा गाभा लहान आणि बराचसा सपाट आहे. मोन्तेपुल्चानो नको, तिथला मुख्य रस्ताच लांब चढाचा आहे.

प्रश्न: चिविताला ‘मरणारं गाव’ का म्हणतात? तिथे जाणं धोक्याचं आहे का?

गाव ज्वालामुखीच्या राखेतून बनलेल्या टफ खडकावर आहे आणि त्या खडकाखाली चिकणमाती आहे. टफ कडक असला तरी त्याला उभ्या भेगा असतात. पावसाने माती मऊ होते, दरीतले ओढे ती वाहून नेतात, कडेच्या खडकाखालचा आधार जातो आणि भेगेच्या रेषेत अख्खा तुकडा सुटतो. म्हणून गाव सगळीकडून सारखं झिजत नाही, कडेकडेने तुटतं. 1695 च्या भूकंपाने मोठी हानी झाली आणि त्यानंतर वस्ती शेजारच्या बान्योरेज्जोकडे सरकत गेली. आज कायमचे रहिवासी जेमतेम दहा-पंधरा उरलेत.

सान्ता मारिआ वेशीतून आत आल्यावर वर पाहा. एका वाड्याची दर्शनी भिंत खिडक्यांसकट उभी आहे आणि त्या खिडक्यांमधून आकाश दिसतं. मागचा वाडा दरीत गेला आहे. गावात भूविज्ञान आणि दरडींचं छोटं संग्रहालय आहे. ते आधी पाहिलंत तर मग हा कडा नीट वाचता येतो.

मळलेल्या वाटेवर धोका नाही. जिथे कठडा किंवा दोरी लावली आहे तिच्यापलीकडे मात्र फोटोसाठी एक पाऊलही टाकू नका, कारण वरून भक्कम दिसणारी कड खालून पोकळ असू शकते. पावसानंतर फरशीचे दगड निसरडे होतात, तेव्हा खाचा असलेल्या तळव्याचे बूट घाला.

प्रश्न: आम्ही शाकाहारी आहोत. अशा लहान गावांत खायला मिळेल का?

मिळेल, पण वेळ पाळावी लागते. जेवण साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असतं. टोमॅटो आणि मोठ्या लसणीचा सॉस घातलेले पिची (जाड शेवयांसारखा पास्ता), ओर्विएतोकडचे तसेच उम्ब्रिकेल्ली, टोमॅटोचा ब्रुस्केत्ता, तोस्कानात शिळा पाव आणि भाज्यांची रिबोल्लिता हे पदार्थ सहसा चालतात. सूप घेताना मात्र ‘सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने’ असं स्पष्ट सांगा. भाज्यांच्या सूपमध्येही मांसाचं पाणी किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. तव्यावरच्या भाकरीसारख्या पावांत चरबी असू शकते, तिथे ‘स्त्रुत्तो’ आहे का ते विचारा. पार्मेसान आणि बहुतेक पेकोरीनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने जमवतात. ते चालत नसेल तर चीज न घालता द्यायला सांगा.

प्रश्न: कोणत्या महिन्यात आणि दिवसाच्या कोणत्या वेळी जावं?

एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ऑगस्टमध्ये पुलावर ऊन तापतं, आणि 15 ऑगस्टच्या आसपास सगळा देश सुट्टीवर असल्याने गर्दीही होते. जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्याच्या मधल्या दिवशी बरीच खानावळं बंद सापडतील. सहलीच्या बसमधली माणसं साधारण अकरा ते चार गावात असतात, तेव्हा त्याआधी किंवा त्यानंतर जा. गाव बेल्वेदेरेच्या पूर्वेला आहे, त्यामुळे सकाळी ऊन समोरून येतं आणि फोटोत गाव काळवंडतं. दुपारी तीननंतर कड्यावर सरळ प्रकाश पडतो. रात्री राहणार असाल तर प्रवासी कर माणशी, दर रात्रीचा, खोलीच्या भाड्याव्यतिरिक्त द्यावा लागतो. तो बऱ्याच ठिकाणी रोख मागतात.