फवारणी कमी करायला सरकारी पैसे मिळतात का? ताईंच्या प्रश्नाला उत्तर

ताई, तुम्ही मुलुंडला, भाऊ सिन्नरला टोमॅटो-कांदा करतो, त्याला औषधांची फवारणी कमी करायचीय आणि त्यासाठी सरकार पैसे देतं का, असं विचारलंत. देतं, पण कशाचे देतं ते आधी बघा.

सेंद्रिय शेतीसाठीची परंपरागत कृषी विकास योजना २०१५ पासून आहे, त्यात ३ वर्षांत हेक्टरी ३१,५०० रुपये, पण थेट शेतकऱ्याच्या खात्यात येतात ते १५,०००, म्हणजे हिशोब केला तर एकरी वर्षाला दोन हजारच. एकट्याला नाही, २० हेक्टरचा गट लागतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने नैसर्गिक शेतीचं मिशन मंजूर केलं, २,४८१ कोटींचं, त्यात एकरी वर्षाला ४,००० रुपये, दोन वर्षं, आणि तेही एका एकरापुरतंच. तालुका कृषी कार्यालयात 'आत्मा'वाल्यांना (सरकारची कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) विचारा गावात कुठला गट चालू आहे, म्हणजे भावाला त्यात घुसता येईल.

खरा खड्डा वेगळाच आहे. आमचं शेत संगमनेरला, धाकटा भाऊ कसतो, मी गिरगावातून महिन्याला पैसे पाठवतो. पहिल्या वर्षी त्याने सगळ्या रानात एकदम औषध बंद केलं आणि फळ पोखरणाऱ्या अळीने निम्मा माल नेला. त्या नुकसानीची भरपाई या योजनांत नाही हो. तेव्हा तो फोनवर काही बोललाच नाही, मला फार लागलं ते.

म्हणून औषध कमी करायला आधी एकच एकर घ्या. कडेने झेंडू, कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढून पकडणारे), टोमॅटोवर पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, कांद्यावर फुलकिडे असतील तर निळे. आणि निंबोळी अर्क घरीच: ५ किलो निंबोळीची पावडर रात्रभर १० लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळून २०० ग्रॅम साबण घालून १०० लिटर करायचं, त्याच दिवशी संध्याकाळी मारायचं. आमचा निम्मा औषधखर्च यानेच वाचला.

तुमचं काम मुंबईतलं. सोसायटीतली दहा घरं धरा, हंगामाआधी भाजीचे थोडे पैसे आगाऊ घ्या, त्यावर भावाचं पहिलं वर्ष निघतं. आम्ही चाळीतून असंच केलं, पण डागी टोमॅटो येणार हे आधीच स्पष्ट सांगून.

भावाचा फार्मर आयडी (शेतकऱ्याचा सरकारी ओळख क्रमांक) काढलाय ना, आणि सातबारा अजून वडिलांच्या नावावर असेल तर वारसनोंद आत्ताच लावा. निंबोळ्या जून-जुलैत पडतात, त्या वेचून सुकवायला आईला सांगून ठेवा.